वेणी कुणी घातली, हे कुणी विचारलं नाही

प्रति,
आरोग्य व कुटुंब कल्याण विभाग, कर्नाटक शासन,
अपंगत्व तपासणी मंडळांवर बसणारे डॉक्टर,
आणि विमा कंपन्यांसाठी रुग्ण तपासणारे डॉक्टर यांना,

स. न. वि. वि.

मी बेळगावच्या वडगावात राहते. घरात चार माग आहेत. लग्न होऊन आले तेव्हापासून कांड्या भरल्या, तुटलेले धागे जोडले, नवरा जेवायला बसला की मागावर उभी राहिले. नोव्हेंबर 2020 मध्ये खानापूर रोडवर आमच्या मोटरसायकलला मागून टेम्पोने ठोकरलं आणि माझ्या उजव्या मनगटाचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लास्टर होतं. हाड नीट जुळलं. दुखणं सुरू झालं ते प्लास्टर काढल्यावर.

या हाताला आता पंख्याचा वारा सोसत नाही. पदर घासला तरी निखारा ठेवल्यासारखं होतं. सकाळी हात गार आणि निळसर असतो, दुपारी तोच लाल होऊन सुजतो. 14 महिने दवाखाने फिरल्यावर कोल्हापूरच्या एका वेदनातज्ज्ञ डॉक्टरांनी या दुखण्याचं नाव सांगितलं, कॉम्प्लेक्स रीजनल पेन सिंड्रोम. पुढच्या वर्षभरात झोप गेली, जेवण गेलं, पोरांशी बोलणं गेलं. मनोविकारतज्ज्ञांनी नैराश्याचं निदान करून औषधं सुरू केली. दोन्ही उपचार अजून चालू आहेत आणि दोन्ही डॉक्टरांचे मी उपकार मानते.

मधल्या काळात माझी दोनदा तपासणी झाली. पहिली, पतसंस्थेच्या कर्जासोबत काढलेल्या अपघात विम्याच्या दाव्यासाठी, कंपनीने नेमलेल्या डॉक्टरांकडे. दुसरी, मानसिक आजाराच्या अपंगत्व प्रमाणपत्रासाठी. दोन्हीकडून नकार आला. दुसऱ्या नकाराचं पत्र गेल्या महिन्यात हातात पडलं आणि त्या दिवसापासून हे पत्र माझ्या मनात चाललंय. कंपनीचं, रुग्णालयाचं, डॉक्टरांचं नाव मी लिहिणार नाही. आमच्या गल्लीत, शहापुरात, खासबागेत ज्यांच्याशी बोलले त्यांनी वेगवेगळ्या ठिकाणचे असेच अनुभव सांगितले. म्हणून हे सगळ्यांनाच लिहितेय.

तपासणी नको, असं मी म्हणत नाही. खोटे दावे होतात, खोटी प्रमाणपत्रं निघतात आणि त्यामुळे खऱ्या माणसाच्या वाट्याचं जातं, हे मला कळतं. उपचार करणाऱ्या डॉक्टरांना आपल्या पेशंटचा कळवळा असतो, म्हणून तिसऱ्या डॉक्टरांनी बघावं, हेही पटतं. पण त्या तिसऱ्या डॉक्टरांनी बघायला तर हवं.

विम्याच्या तपासणीला आम्ही सकाळी नऊला पोचलो. नंबर लागला एक वाजता. आत मी सात मिनिटं होते, बाहेरच्या घड्याळात माझ्या मुलीने बघितलं. डॉक्टरांनी मनगट वरखाली करायला लावलं, मूठ वळायला सांगितली, त्यांचं बोट घट्ट धरायला सांगितलं. मी धरलं. त्यांनी सांगितलं ते सगळं दात ओठ खाऊन केलं, कारण डॉक्टरांनी सांगितलेलं करायचं असतं, एवढंच मला ठाऊक. अहवालात लिहून आलं की मनगटाची हालचाल पूर्ण, पकड चांगली, हाड जुळलेलं, कायमचं अपंगत्व नाही. त्या संध्याकाळी चहाचा कप माझ्या हातातून पडला आणि रात्रभर हात उशीवर ठेवून बसून काढली. ते कुठल्या कागदावर आलं नाही.

माझ्या कामात मूठ वळायची नसते, डॉक्टर. आमच्या कामात सुटलेला धागा अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत पकडून गाठ मारायची असते, दिवसातून शेकडो वेळा, माग थांबवून, पुन्हा चालू करून. ती गाठ मला मारता येते का, हे विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं. एकदा मारता येते. दहाव्यांदा नाही.

हे मी एकटीच म्हणत नाही. 2010 मध्ये राजकुमार विरुद्ध अजय कुमार या अपघाताच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हाच फरक समजावून सांगितलाय. डावा हात गेला तर शरीराचं अपंगत्व साधारण 60 टक्के म्हणता येईल, पण तो माणूस ड्रायव्हर किंवा सुतार असेल तर त्याची कमाई जवळजवळ पूर्णच बुडते, आणि तोच सरकारी नोकरीतला कारकून असेल तर तसं होत नाही. म्हणजे शरीराचा टक्का वेगळा आणि पोटाचा टक्का वेगळा. तो खटला रस्ते अपघाताच्या भरपाईचा होता, माझा दावा पॉलिसीचा आहे, हे मला वकिलांनी सांगितलंय. तरी मला तपासणाऱ्या डॉक्टरांनी मी काय काम करते एवढं तरी विचारायला हवं होतं. 'हाऊसवाइफ' असं त्यांनी आपल्या मनाने लिहिलं.

1923 सालच्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याला एक अनुसूची जोडलेली होती. अंगठा गेला तर 30 टक्के, तर्जनी पूर्ण गेली तर 14 टक्के. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत काम केलेल्या लोकांना हे आकडे तोंडपाठ असतात. तुटलेल्या बोटाला टक्का आहे. माझी पाची बोटं जागेवर आहेत, म्हणून माझ्या हाताला टक्का नाही. खरं तर या आजाराची तपासणी कशी करायची हे ठरलेलं आहे. बुडापेस्ट निकष म्हणून जगभरातले डॉक्टर ते वापरतात. स्पर्श कसा लागतो, कातडीचा रंग आणि गारवा दोन्ही हातांत वेगळा आहे का, सूज आणि घाम आहे का, हालचाल, केस, नखं बदललीत का, हे सगळं बघायचं असतं. एक्स-रेत हा आजार दिसलाच पाहिजे असं नाही. माझे दोन्ही हात शेजारी शेजारी ठेवून त्या सात मिनिटांत कुणी बघितले नाहीत. डाव्या हाताला तर शिवलंही नाही.

आता दुसऱ्या तपासणीचं सांगते. ते लिहिताना अजूनही मला रडू येतं.

त्या दिवशी पहाटे माझ्या जाऊबाईंनी मला न्हाऊ घातलं. वेणी घातली, साडी नेसवली, पिन लावली. मोठ्या दवाखान्यात जायचं, चार लोकांत बरं दिसावं, एवढाच त्यांचा हेतू. गेली दोन वर्षं हे त्याच करतात. उजव्या हाताने फणी धरवत नाही हे एक, आणि फणी हातात घ्यावीशी वाटतच नाही हे दुसरं. तपासणीच्या कागदावर आलं, 'वेल ग्रूम्ड, कोऑपरेटिव्ह', म्हणजे नीटनेटकी, सहकार्य करणारी. स्वतःची निगा या सदरात शून्य गुण.

हे गुण आयडियाज नावाच्या मोजपट्टीचे आहेत. इंडियन सायकियाट्रिक सोसायटीने ती तयार केली. चार गोष्टी बघतात: स्वतःची निगा, माणसांशी नातं, बोलणं-समजणं, आणि काम. प्रत्येकाला 0 ते 4 गुण. आजार किती वर्षांचा त्याचे गुण वर मिळवायचे. 7 झाले तर माणूस 40 टक्क्यांवर पोचतो आणि 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे सवलतींना पात्र ठरतो. मला 6 मिळाले. वेणीचा एक गुण कमी पडला, असं माझी मुलगी म्हणते आणि मला ते खरं वाटतं.

या मोजपट्टीत माहिती फक्त रुग्णाकडून घ्यायची नसते. घरात जो सांभाळ करतो त्याला विचारायचं असतं, जुने कागद बघायचे असतात. जाऊबाई दाराबाहेर बाकावर बसल्या होत्या. त्यांना आत येऊ दिलं नाही. वेणी कुणी घातली, एवढा एक प्रश्न विचारला असता तर बाई उठून सगळं सांगत्या. मी आठ-आठ दिवस खोलीतून बाहेर येत नाही, मुलीच्या दहावीच्या निकालाच्या दिवशी मी पडून होते, मागाचा आवाज सहन होत नाही म्हणून नवरा दुपारी दोन माग बंद ठेवतो. हे सगळं त्यांना माहीत आहे. मला विचाराल तर मी 'बरं आहे की' म्हणते. आजारच तसा आहे.

आता भाषेचा प्रश्न. यावरून आमच्या भागात लगेच वाद होतात, म्हणून आधीच सांगते. कन्नडशी माझं भांडण नाही. शेजारच्या अक्का कन्नड बोलतात, बाजारात आणि बसमध्ये मीही बोलते, माझी मुलगी माझ्यापेक्षा छान बोलते. पण कन्नडमधे दुखण्यासाठी माझ्याकडे एकच शब्द आहे, नोवु. मराठीत माझ्याकडे ठणका आहे, कळ आहे, चमक आहे, सणक आहे, रग आहे, भगभग आहे. ठणका रात्री लागतो. सणक कोपरापर्यंत जाते आणि विझते. भगभग दिवसभर असते. हे मी हौसेनं सांगत नाही. जळजळ आहे का, विजेसारखा झटका बसतो का, मुंग्या येतात का, बधिर वाटतं का, या शब्दांवरूनच डॉक्टर मज्जातंतूचं दुखणं ओळखतात. त्यासाठी डीएन-4 नावाची 10 मुद्द्यांची प्रश्नावलीसुद्धा आहे. मी खोलीत म्हटलं, "साहेब, हात भगभगूलालाय, रात्री ठणकूलालाय, पदर सुदीक सोसत न्हाई." कागदावर आलं, 'पेन राइट हँड', म्हणजे उजवा हात दुखतो, एवढंच. मनाचं तर याहून अवघड. जिवाची घालमेल, मनात काहूर, कशात जीव न लागणं, हे मी परक्या भाषेत कसं सांगू? शिपायाने मध्ये उभं राहून अर्धंमुर्धं सांगितलं. माझ्या मरणाच्या विचारांबद्दलचा प्रश्न मला एका अनोळखी शिपायाच्या तोंडून ऐकावा लागला. मी मान हलवून 'नाही' म्हटलं. कुणीही बाई तेच म्हणाली असती.

राज्यघटनेच्या कलम 350 ने प्रत्येक माणसाला आपलं गाऱ्हाणं राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत मांडायचा हक्क दिलाय. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात रुग्णाला माहिती त्याला समजेल अशा भाषेत आणि रूपात मिळाली पाहिजे, असं लिहिलंय. आणि टेली मानस ही सरकारचीच मानसिक आरोग्याची फोनसेवा, 10 ऑक्टोबर 2022 ला सुरू झालेली. 14416 हा नंबर लावला की भाषा निवडता येते. एका वाईट रात्री मी तो लावला. पलीकडची बाई मराठीत बोलली, अर्धा तास बोलली, आणि मी तिला खरं सांगितलं. फोनवर जे जमतं ते तपासणीच्या खोलीत का जमू नये?

माझ्यापेक्षा ज्यांचे हाल जास्त आहेत त्यांच्याबद्दल दोन शब्द. माझ्याकडे कागद होते. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दिसलं की वेगवेगळ्या मानसिक आजारांत 70 ते 92 टक्के लोक उपचारापर्यंत पोचतच नाहीत. खानापूरच्या जंगलपट्ट्यातल्या गावातून पहाटेची एसटी धरून येणाऱ्या माणसाकडे दोन वर्षांच्या चिठ्ठ्या कुठून असणार? निपाणीच्या विडी वळणाऱ्या बाया वर्षानुवर्षं मान-पाठ धरून बसतात, मेडिकलमधून गोळी घेतात आणि पुन्हा सूप मांडीवर घेतात. त्यांना 'जुने कागद आणा' म्हणणं म्हणजे परत जा म्हणणंच आहे.

आणि विम्याच्या तपासणीला 'स्वतंत्र' म्हणतात, त्याबद्दल. डॉक्टर कंपनी निवडते, फी कंपनी देते, अहवाल कंपनीकडे जातो. मला अहवालाची प्रत मागूनही मिळाली नाही. विमा लोकपालांकडे तक्रार केल्यावर मिळाली, पाच महिन्यांनी. मला तपासणारे डॉक्टर वाईट माणूस होते असं मी म्हणणार नाही, त्यांनी मला पाणी विचारलं होतं. पण चार वर्षं मला बघणाऱ्या दोन तज्ज्ञांच्या मतावर त्यांनी सात मिनिटांत रेघ मारली आणि ती का मारली याचं एक वाक्य लिहिलं नाही.

आता मागण्या.

तपासणी रुग्णाच्या भाषेत व्हावी. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी भागात मराठी येणारे डॉक्टर आणि समुपदेशक भरपूर आहेत. ते हजर नसतील तर शिकवलेला दुभाषी असावा, फोनवर असला तरी चालेल. शिपाई नको, आणि रुग्णाचं पोरही नको. माझ्या मुलीने ते प्रश्न भाषांतर करून मला विचारावेत असं कुठल्याही आईला वाटणार नाही.

सांभाळ करणाऱ्या माणसाला आत घ्या आणि त्याचं म्हणणं स्वतंत्र लिहून घ्या.

दुखणं आणि मनाचा आजार यांची तपासणी एका बैठकीत संपवू नका. दोन वेगवेगळ्या दिवशी, निदान पाऊण-पाऊण तास द्या. माझा हात सकाळी वेगळा आणि संध्याकाळी वेगळा दिसतो. एका शिबिराच्या दिवशी पन्नास-साठ माणसं उरकायची म्हटली तर कुठलाही चांगला डॉक्टरसुद्धा हे करू शकणार नाही, हे आम्हालाही दिसतं. म्हणून ही मागणी डॉक्टरांसाठीही आहे: त्यांना वेळ द्या, मंडळं वाढवा, दिवस वाढवा. महिन्यातून एकदा तरी तालुक्याच्या गावी बसा.

रुग्ण काय काम करतो हे त्याच्या तोंडून लिहून घ्या आणि त्या कामाच्या हालचाली तपासा, एकदा नव्हे, थकेपर्यंत. दुसऱ्या दिवशी काय होतं तेही विचारा.

उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं मत मान्य नसेल तर का मान्य नाही ते लेखी द्या. अहवालाची प्रत रुग्णाला विनाअर्ज, कंपनीला जाते त्याच दिवशी मिळावी. 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेत रुग्णाने मागितल्यावर 72 तासांत कागद द्यायला सांगितलेत. तपासणारे डॉक्टर 'आमचा पेशंट नाही' म्हणून त्यातून सुटतात. ही वाट बंद करा.

विमा कंपनीसाठी तपासणी करायची तर डॉक्टर कंपनीने निवडू नये. जिल्ह्यात त्या विषयातल्या तज्ज्ञांची यादी करा आणि पाळीपाळीने किंवा चिठ्ठी टाकून नाव ठरवा. अस्थिरोग तज्ज्ञांनी नैराश्यावर आणि मनोविकारतज्ज्ञांनी मनगटावर मत देऊ नये. वेदनेच्या दाव्यात वेदनातज्ज्ञ हवाच.

शेवटची मागणी आरोग्य विभागाला आणि आपल्यामार्फत राज्य सरकारला. दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत 21 प्रकार आहेत. चिरकालीन वेदना हा त्यात प्रकारच नाही. तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकणाऱ्या दुखण्याला जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात स्वतंत्र जागा दिली, ते 2022 पासून लागूही झालं. आपल्या कायद्याच्या कलम 99 प्रमाणे केंद्र सरकार ही यादी वाढवू शकतं आणि राज्य सरकार तशी शिफारस करू शकतं. हिवाळ्यात अधिवेशनासाठी सगळे मंत्री हलग्याच्या सुवर्ण विधानसौधात येतात. आमच्या वडगावापासून ते फार लांब नाही. त्या अधिवेशनात ही शिफारस मांडा. आमच्या भागातल्या आमदारांनी, मग ते मराठी असोत की कन्नड, तिला पाठिंबा द्यावा. दुखणाऱ्या हाताला सीमाप्रश्न नसतो.

दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 59 खाली मी अपील केलंय. फेरतपासणीचं बोलावणं येईल तेव्हा माझ्याबरोबर जाऊबाई असतील, त्यांना आत घ्यावं ही विनंती. मी पिशवीत एक कांडी आणि थोडा धागा घेऊन येणार आहे. धागा तोडून मला गाठ मारायला सांगा. मग अर्धा तास थांबा आणि पुन्हा सांगा.

आपली,
वडगाव, बेळगाव येथील एक विणकर बाई